पाठ धुवायची राहिली

रविवारी दुपारी डेल्सिना बादली घेऊन गॅरेजवर गेली तेव्हा स्टॅनफर्ड एका ट्रकखाली उताणा पडला होता. तिच्या सपाता ओळखून तो खालूनच ओरडला, "जळकं तेल ना? कोपऱ्यातल्या पिंपातलं घे. फडक्यातून गाळून ठेवलंय, खडा लागायचा नाही."

इंजिनातून काढलेलं ते काळंभोर तेल एरवी कुणी बोटानंही शिवणार नाही. पण ग्रेनाडात ऑगस्टातल्या त्या रविवारी त्याच्यासाठी गॅरेजपुढे बादल्यांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी जुवे, कार्निव्हलची पहाट. पहाटेच्या काळोखात आख्खं गाव अंगाला तेल फासून, जुन्या शिरस्त्राणांना गाईची शिंगं ठोकून, साखळ्या ओढत रस्त्यावर उतरतं. उसाच्या मळ्यांचे मालक एके काळी यांच्या पूर्वजांना सैतान म्हणायचे. गुलामी सुटली त्या वर्षी ते लोक म्हणाले, सैतान बघायचाय ना, मग नीट बघून घ्या. तेव्हापासून त्या पहाटे जो तो 'जॅब' असतो, म्हणजे सैतान, आणि जॅब कुणाच्या बापाला भीत नाही.

"यंदा कुणाची पाठ माखणार?" स्टॅनफर्डनं बाहेर येत विचारलं, आणि विचारल्या क्षणी जीभ चावली.

"कुणाचीच नाही. माझी माखून घेणार आहे," डेल्सिना म्हणाली. "माखतोस?"

"नको बाई! ओडेसा मावशी मला जिवंत सोलेल."

तो हसला, तीही हसली, आणि बादली उचलून निघाली. वळणापर्यंत तो तिच्या पाठीकडे बघत राहिला असणार, हे तिला न वळताही कळलं. गेल्या वर्षभरात तिला अशा नजरांची सवय झाली होती.

रोश नुआर या किनाऱ्यावरच्या गावाचा एक नियम आहे. जॅबची पाठ दुसऱ्यानं माखायची, आणि ज्यानं माखली त्यानंच उजाडताना समुद्रात उभं राहून ती धुवायची. हातपाय, तोंड कुणीही धुवो, पाठ मात्र माखणाऱ्याची. ती धुवायची राहिली तर माणूस जॅबच राहतो, असं म्हातारी माणसं सांगतात. तरणी पोरं त्यावर खिदळतात, पण धुवायला एकही चुकत नाही.

गेल्या जुवेला डेल्सिनानं आपल्या नवऱ्याची, अल्बनची, पाठ माखली होती. पहाटे गर्दीत दोघांची चुकामूक झाली. उजाडताना ती ठरल्याप्रमाणे नदीच्या तोंडाशी साबण घेऊन उभी राहिली, ऊन डोक्यावर येईपर्यंत उभी राहिली, आणि अल्बन आला नाही. दुपारी धक्क्यावर दोर बांधणारा लिनस सांगत आला, की अल्बन पहाटेच्या त्रिनिदादच्या होडीत चढला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणाला. डावं शिंग अर्धं मोडलेलं, अल्बनचंच. त्या दिवशी गावात माणूस तोंडावरून कुणी ओळखतच नाही, शिंगांवरूनच ओळखतात, त्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या होडीत एक बाईही बसली होती. आठवडाभरात तिला नावही मिळालं.

डेल्सिनाला तेव्हापासून झोप अशी लागली नाही. पळाला म्हणावं तर त्याचे चांगले बूट दाराशी तसेच होते. मेला म्हणावं तर पाद्री प्रार्थना म्हणायला तयार नव्हता. जिवंत माणसासाठी मृताची प्रार्थना कशी म्हणू, असं तो अगदी मऊ आवाजात विचारायचा. काळे कपडे घालायचे की नाहीत हेही तिला ठरवता येईना. रागवायचं की रडायचं, एवढं तरी कुणीतरी सांगा, असं ती एकदा भर बाजारात म्हणाली होती. बायकांनी माना खाली घातल्या आणि वांग्यांचे भाव विचारायला लागल्या.

अल्बनची मावशी ओडेसा हिनं मात्र आपल्या भाच्याला शिव्या देण्यात कसूर ठेवली नव्हती. लहानपणापासून तिनंच त्याला वाढवला होता, त्यामुळे शिव्या देण्याचा पहिला हक्क तिचाच.

"चल, पाठ कर इकडे," मध्यरात्र उलटल्यावर ती अंगणात म्हणाली. चुलीवर कोको उकळत होता. तिनं बाहीवर हात पुसले, बादलीत बुडवले आणि डेल्सिनाच्या खांद्यांवरून तेल ओढायला सुरुवात केली. "वर्षभर घरात कोंडून घेतलंस. कुणाचं सुतक पाळतेस बये, मेलेल्याचं की पळालेल्याचं?"

"तेच कळत नाही ना मावशी."

"कळायचंय काय त्यात? हलकट होता. माझ्या बहिणीचा मुलगा असला म्हणून काय झालं? माझ्या हातची भाकरी खाऊन वाढला आणि..." ओडेसाचा हात पाठीवर मध्येच थांबला. तिनं नाक ओढलं. "हाल नकोस. कमरेपाशी राहिलंय."

तेल थंड होतं आणि त्याला लोखंडाचा वास येत होता. माखून झाल्यावर ओडेसानं तिच्या डोक्यावर शिंगं चढवली, कोकोचा पेला हातात दिला आणि म्हणाली, "आज नाच. ओरड. जे काय पोटात असेल ते बाहेर काढ. आणि उजाडताना नदीच्या तोंडाशी ये. पाठ मी धुणार आहे, विसरू नकोस."

चौकातले दिवे नेहमीप्रमाणे मालवले होते. आधी शंख वाजला, एकच, लांब. मग टेकडीवरून दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग ढोल सुरू झाले आणि काळोख हलायला लागला. डेल्सिनाला आजूबाजूला माणसं दिसत नव्हती, फक्त दातांच्या, डोळ्यांच्या हालत्या खुणा आणि आभाळाला लागलेली शिंगं. डांबरावरून साखळ्या फरफटत होत्या. त्या आवाजानं तिच्या पायात हळूहळू जीव आला. ती ओरडली, आधी जरा चोरून, मग घसा फुटेपर्यंत. वर्षभर अडलेलं काहीतरी मोकळं होत होतं. कुणीतरी तिच्या गालाला तेल पुसलं, तिनं कुणाच्या तरी छातीला पुसलं, आणि कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

दारूच्या दुकानापाशी मिरवणूक तुंबली. तिथल्या ओट्यावर तेलाची बादली ठेवलेली असते. अंगावरचं फिकं पडलं की माणसं तिथे पुन्हा हात मारून घेतात. डेल्सिना बादलीपाशी टेकली होती, तेव्हा एक जॅब येऊन तिच्यापुढे पाठ करून उभा राहिला.

त्याच्या डोक्यावर शिंगं नव्हती. बोडक्या डोक्याचा जॅब तिनं आजवर पाहिला नव्हता. पण दारूच्या भरात एखाद्याची पडली असतील, असं म्हणून तिनं तळवा तेलात बुडवला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला.

खांदा थंडगार होता. आणि आधीच माखलेला. नुसता माखलेला नव्हे, तेलाचा थर वाळून कडक झाला होता, त्यात वाळू होती, मिठाचे खडे होते, आणि बारीक शिंपले रुतून बसले होते.

"अरे, तुला तर माखलंय," ती म्हणाली. "कुणी माखलं तुला?"

"तूच."

आवाज हळू होता, घशात पाणी गेल्यासारखा. डेल्सिनाचा हात तिथेच राहिला. काढावा असं तिच्या मनात आलं, पण हातानं ऐकलं नाही. तो घसरत बरगडीवर गेला, आणि ती बरगडी अंग चोरून आत गेली, गुदगुल्या झाल्यावर माणूस आक्रसतो तशी.

आख्ख्या गावात बरगडीला बोट लावलं की असा वाकडा होणारा एकच माणूस होता. लग्नाच्या फोटोतही तो वाकडाच आला होता.

"अल्बन..."

तो वळला नाही. चालायला लागला. त्याच्या कमरेला साखळी होती आणि तिचं टोक मागे लांबवर फरफटत होतं, पण तिचा आवाज येत नव्हता. रस्त्यावर नुसती एक ओली रेघ उमटत होती. गर्दी इतकी होती की मुंगीला वाट मिळू नये, तरी त्याला कुणाचा धक्का लागत नव्हता. माणसं त्याच्यापाशी आली की आपोआप, न बघता, थोडी बाजूला होत होती. एकजण तर मध्येच थांबून दंड चोळायला लागला. "कुठून वारा सुटला रे?" म्हणाला.

मागे फिर, असं डेल्सिनाचं अंगअंग सांगत होतं. न धुतलेल्या जॅबच्या मागे पाण्यात जाऊ नये, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. तो माखणाऱ्याला सोबत घेऊन जातो. पण आज जर ती मागे फिरली असती तर उद्या सकाळी ते बूट पुन्हा दाराशी असते, आणि पाद्रीचा तो मऊ आवाज, आणि मान खाली घालणाऱ्या बायका. तिला उत्तर हवं होतं. ती त्या ओल्या रेघेवरून चालत राहिली.

तो नदीच्या तोंडाशी गेला नाही. धक्क्याच्या बाजूला, जिथे जुन्या खांबांमध्ये पाणी काळं दिसतं, तिथे उतरला. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर थांबला, आणि पाठमोरा उभा राहिला.

डेल्सिना वाळूत थबकली. ढोल आता गावाच्या पलीकडे गेले होते. समुद्राला लाटाच नव्हत्या.

"आधी सांग," ती किनाऱ्यावरूनच म्हणाली. "सांगितल्याशिवाय मी पाण्यात पाय घालायची नाही. त्या होडीत होतास तू?"

बोडकं डोकं हळूच हललं. नाही.

"लिनसनं तुझी शिंगं पाहिली."

"शिंगं... दिली मी. त्रिनिदादचा एक पोरगा... मागत होता. फार आवडली त्याला."

"दिलीस? फुकट?"

"रमची बाटली दिली त्यानं."

"मेल्या!" डेल्सिना ओरडली, आणि ओरडताना तिला रडू फुटलं. "एका बाटलीपायी! वर्षभर लोक मला काय काय म्हणाले ठाऊक आहे? त्या होडीत तुझ्या शेजारी बाई बसवली त्यांनी! नाव सुद्धा ठेवलं तिचं!"

"कोण?"

"पर्पेचुआ."

पाण्यातल्या पाठीला बारीक हादरा बसला. तो हसत होता की आणखी काही, ते अंधारात कळलं नाही.

"मग कुठे होतास?" तिनं विचारलं. आता तिचा आवाज खाली आला होता.

"इथेच. धक्क्याच्या टोकाला बसलो होतो... तुझी वाट बघत. इथून नदीचं तोंड दिसतं. तू साबण घेऊन उभी होतीस, ते दिसत होतं मला. म्हटलं जरा बसू, मग जाऊ. कमरेला बांधलेली साखळी शेजारी गोळा करून ठेवली होती. ती आधी घसरली, मागून मी."

डेल्सिनानं धक्क्याच्या टोकाकडे पाहिलं. मग नदीच्या तोंडाकडे. किती जवळ होतं ते. ती सकाळभर त्या ठिकाणी उभी होती, उन्हाला हात आडवा धरून रस्त्याकडे बघत होती, गावाकडे बघत होती, येणाऱ्या प्रत्येक काळ्या अंगाकडे बघत होती. पाण्याकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

"हाक मारायचीस रे," ती म्हणाली.

"मारली."

मग ती पाण्यात शिरली. भीती गेली नव्हती, पण आता तिच्याहून मोठं काहीतरी पोटात होतं. कमरेच्या पिशवीतून तिनं खोबरेल तेलाची बाटली आणि निळा साबण काढला. खोबरेल लावलं की जळकं तेल सुटतं, मग साबण. गेल्या वर्षीही तिनं अशीच तयारी केली होती. तिनं दोन्ही तळव्यांनी त्याच्या मानेखाली खोबरेल चोळलं. कडक थर मऊ पडायला लागला, शिंपले एकेक करून पाण्यात गळाले. तिनं ओंजळीनं पाणी मारलं.

काळं निघालं तिथे कातडी नव्हती. काहीच नव्हतं. पलीकडचं पाणी दिसत होतं, आणि त्यावर पसरत चाललेला पहिला राखाडी उजेड.

डेल्सिनानं हात मागे घेतले. "नाही," ती म्हणाली. "नाही धुणार. वर्षभरानं सापडलास, आता माझ्याच हातांनी... असाच राहा. येत जा दर जुवेला. मी कुणाला सांगणार नाही."

"डेल्सी."

"काय?"

"जड झालंय गं. धू ना."

जिवंतपणी त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. मागायचं म्हटलं की थट्टा करायचा, विषय बदलायचा. तिनं डोळे गच्च मिटले आणि धुवायला लागली. खांदे धुतले, पाठीचा कणा धुतला, हातांखालचं गार अंग थोडं थोडं कमी होत गेलं तसं ती बोलत राहिली. ओडेसा मावशी तुला रोज शिव्या देते, रोज रडते. फणसाच्या झाडाला यंदा फळं धरली. स्टॅनफर्डनं ट्रक घेतला, चालत नाही. तुझे बूट मी पुसून ठेवलेत. शेवटी बरगडी राहिली. तिनं बोट लावलं, मुद्दाम, आणि ती वाकडी झाली, आणि काळोखात अल्बनचं जुनं चिरकं हसू ऐकू आलं. मग तिचा हात नुसत्या पाण्यातून फिरला.

साखळी खाली गेल्याचा आवाज मात्र आला. रात्रभरात तिनं केलेला तो पहिलाच आवाज.

डेल्सिना तिथेच उभी राहून मोठ्यानं रडली. पळाला नव्हता. टाकून गेला नव्हता. तिच्याकडेच बघत बसला होता. एवढं एक वाक्य ती पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होती, आणि प्रत्येक वेळी ते नव्यानं लागत होतं.

"अगं ए! नदीच्या तोंडाशी म्हटलं होतं ना मी!" ओडेसा परकर खोचून पाण्यातून येत होती. "तिथे शोधून शोधून माझे पाय गेले. कुणाशी बोलत होतीस?"

डेल्सिनानं सांगितलं. सगळं, रमच्या बाटलीसकट. सांगून संपल्यावर म्हातारीनं धक्क्याखालच्या काळ्या पाण्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हलकट म्हटलं मी त्याला," ती बोटांच्या आडून म्हणाली. "वर्षभर. माझ्या लेकराला."

"त्यानं मनावर घेतलं नसेल मावशी."

"सकाळ झाली की पाद्रीला उठवते. बघतेच कसा नाही म्हणतो ते. आणि त्या लिनसला..." तिनं डोळे पुसले, गालांवर काळं पसरलं. मग तिनं साबण घेतला. "वळ. पाठ दे. तुझी तरी वेळेवर धुते."

डेल्सिना समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. ओडेसाचे खरखरीत हात पाठीवरून फिरायला लागले, आणि वर्षभराचा सगळा शिणवटा एकदम अंगात उतरला. तिला घरी जाऊन झोपायचं होतं. आज झोप लागेल, असं तिला वाटलं.

मग वास आला. आधी तिला वाटलं, गावात कुणाचं काही करपलं. पण तो गोड होता, घशात चिकटणारा. काकवी करपल्याचा वास. रोश नुआरच्या वरच्या अंगाला उसाचा घाणा होता, पण त्याच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत. तिथे कढई चढलेली गावातल्या कुणाच्या आजीनंही पाहिलेली नाही.

उजेड थोडा वाढला होता. धक्क्याच्या पलीकडे, जिथून पाणी खोल होत जातं, तिथे काहीतरी उभं होतं. तिला ते खांब वाटले. पण त्या बाजूला खांब नाहीत.

त्या पाठी होत्या. काळ्या, बोडक्या डोक्यांच्या, पाण्यात कमरेपर्यंत, एकीमागे एक, क्षितिजाकडे तोंड करून उभ्या. दूरवर, जिथपर्यंत नजर पोचत होती तिथपर्यंत. एकही हलत नव्हती. आणि त्यांच्या अंगावरचा थर इंजिनाच्या तेलाचा नव्हता, तो काकवीसारखा जाड होता, आणि हळूहळू ओघळत होता.

ओडेसाचे हात तिच्या पाठीवर थांबले.

"मावशी," डेल्सिना ओठांतल्या ओठांत म्हणाली, "तुला दिसतंय?"

म्हातारीचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

"एकाला धुतलंस तू... आता बाकीच्यांना कळलं."

"कोण आहेत हे?"

"घाण्यावरचे. गुलामीतले. ज्यांना धुवायला कुणाला येऊच दिलं नाही, ते." ओडेसानं तिचा दंड धरला. "चल. वळू नकोस, तशीच मागे चल. ऊन आलं की जातील."

डेल्सिना एक पाऊल मागे सरली. पण तिची नजर सगळ्यांत जवळच्या पाठीवर खिळली होती. ती फार लहान होती. पाणी तिच्या कमरेला नव्हे, खांद्यांना लागत होतं, आणि ते खांदे थरथरत होते. थंडीनं, की कुणी रागवेल या भीतीनं, ते तिला सांगता आलं नसतं. एवढ्याशा पोराला कढईपाशी कुणी पाठवलं असेल?

तिनं ओडेसाच्या हातातून साबण काढून घेतला. खोबरेलाची बाटली हलवून पाहिली. तळाशी थोडं होतं.

"डेल्सिना, नको... अगं, किती आहेत बघ तरी..."

"एवढ्या एकाची धुते," डेल्सिना म्हणाली, आणि हात पुढे केला. "ये रे बाळा. ये."

ती लहान पाठ, न वळता, एक पाऊल मागे सरकली, तिच्याकडे. आणि तिच्या मागोमाग, त्याच क्षणी, क्षितिजापर्यंतच्या सगळ्या पाठी एक एक पाऊल मागे सरकल्या.